तिसरं मोजमाप

वॉर्डातले सगळे तिला काटेबाई म्हणत. आडनाव काटे नव्हतं, बोलणंही टोचरं नव्हतं. पण एकवीस वर्षं रक्तदाब मोजताना काटा जिथे थांबला तोच आकडा तिने लिहिला होता. डॉक्टरमंडळी एकशे चौतीसला खुशाल एकशे तीस लिहून मोकळी होत. ती चौतीसच लिही. पुढे काट्यांची यंत्रं गेली, लाल आकड्यांची आली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

याच गुणासाठी मोठ्या सरांनी तिला जनरल वॉर्डातून आपल्या संशोधनासाठी मागून घेतलं. दुसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक खाट, एक मॉनिटर, औषधांचं कुलूपबंद कपाट आणि तिची खुर्ची, एवढाच संसार. काम काय ते सरांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं.

"धोका दिसला की अंगात नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं. छाती धडधडते, झोप उडते, दाब चढतो. उत्तेजक गोळ्या मज्जातंतूंच्या टोकात एका दाराने शिरतात आणि तेच रसायन भसाभस बाहेर काढतात. आमची कॅप्सूल त्या दारात आडवी बसते. दार बंद, तर गोळीची मजा कमी. आणि मजाच नसली तर माणूस तिच्या मागे कशाला लागेल?" मग चष्मा काढून ते म्हणाले होते, "हे आम्हाला वाटतं. खरं किती, ते तुमच्या आकड्यांवरून कळणार."

त्यासाठी निरोगी, स्वखुशीने आलेली माणसं घ्यायची. प्रत्येकाने चार वेळा यायचं. सकाळी पहिली कॅप्सूल द्यायची. ती खरी की नुसती साखर, हे ना घेणाऱ्याला ठाऊक ना देणाऱ्याला. दीड तासाने उत्तेजकाची छोटी मात्रा. मग दर वीस मिनिटांनी नाडी, दाब आणि प्रश्नांचा कागद. नियम कडक होते. इतर कुठलंही औषध चालू असलेला माणूस चालत नसे. सकाळचा दाब एकशे चाळीस-नव्वदच्या वर निघाला तर दहा मिनिटं बसवून एकदाच पुन्हा मोजायचा. तेव्हाही वर असला तर त्या दिवसाचं काम रद्द.

वीस माणसं हवी होती. चौदा जणांचं पुरं झालं होतं. पंधरावा होता बंदरावरचा क्रेनवाला.

त्रेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, अबोल गडी. साठ फूट उंचीवरच्या काचेच्या खोक्यात बसून कंटेनर उचलायचे, तर बोलणार कुणाशी? पहिल्या खेपेला प्रश्नांच्या कागदावर 'बडबड करावीशी वाटते का?' याच्यापुढे त्याने अगदी डावीकडे खूण केली आणि म्हणाला, "बायकोला विचारलंत तर ती याहूनही डावीकडे करेल." काटेबाईला माणूस आवडला. पहिल्या दोन्ही खेपांना त्याचे आकडे मात्र सपाट. उत्तेजक घेऊनही दाब जेमतेम चार-सहा अंकांनी हलला. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाई, ज्यांना सगळे छोट्या मॅडम म्हणत, हसून म्हणाल्या होत्या, "दादा, तुमच्यावर काही चढतच नाही! तुम्ही आमचं सगळं गणित बिघडवणार."

तेव्हा तो हसला नव्हता. "म्हणजे माझे आकडे चुकीचे येतायत का?" असं त्याने दोनदा विचारलं होतं. मॅडमना ते गमतीचं वाटलं, काटेबाईला साधं कुतूहल.

तिसऱ्या खेपेला तो साडेआठाला आला तोच कपाळ पुसत. लिफ्ट बंद होती. तिने दंडाला पट्टा बांधला. एकशे शेहेचाळीस, ब्याण्णव.

"जिना चढून आलात ना? बसा शांत."

दहा मिनिटांनी एकशे बेचाळीस, नव्वद.

इथे कागद बंद करायचा, 'पुढच्या आठवड्यात या' म्हणायचं. नियम तिला पाठ होता. पण गेल्याच आठवड्यात दोघे जण मधूनच सोडून गेले होते आणि सर वैतागले होते. त्यातून या माणसाने रजा टाकलेली. दोन अंकांनी काय आभाळ कोसळतं? जिना चढल्याचेच आहेत ते.

"ताई, काही अडचण?" त्याने विचारलं.

"नाही. हात जरा सैल सोडा."

आणखी दहा मिनिटांनी तिने तिसऱ्यांदा मोजलं. एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. तिचा जीव भांड्यात पडला. कच्च्या चिठ्ठीवर तिन्ही आकडे होते. पक्क्या तक्त्यात तिने शेवटचा तेवढा उतरवला. चिठ्ठी चुरगळून टोपलीत टाकायला हात पुढे केला, पण टाकवेना. ती एप्रनच्या खिशात गेली.

नऊला पहिली कॅप्सूल. साडेदहाला दुसरी.

मधल्या वेळात तो एकदा आपणहून बोलला. "हे औषध लागू पडलं, तर दुकानात कधी येईल?"

"खूप वर्षं लागतात हो. का?"

"धाकटा भाऊ आहे माझा. माझ्याच ओळखीने बंदरावर लागला. दोन-दोन पाळ्या करायचा, जागं राहायला गोळ्या घ्यायला लागला. आता पाळी नाही, काम नाही, नुसत्या गोळ्या. आई त्याच्या खोलीचं दार वाजवून ताट बाहेर ठेवते आणि कान लावून उभी राहते." त्याने दंडावरचा पट्टा चाचपला. "मीच लावलं होतं ना त्याला कामाला."

 काटेबाईने त्याची उशी सारखी केली.

अकरा दहाला दाब एकशे अठ्ठावन्न. होतं असं एखाद्याला. साडेअकराला एकशे बहात्तर. तिने छोट्या मॅडमना फोन केला. अकरा पन्नासला मॉनिटरने स्वतःच ओरडायला सुरुवात केली: एकशे शहाण्णव, एकशे सोळा, नाडी एकशे चोवीस.

"डोकं दुखतंय का, दादा?"

"मागच्या बाजूला. हातोडा मारल्यासारखं." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. "ताई, खिडकीच्या कडा हलतायत."

छोट्या मॅडम धावतच आल्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, दोन्ही हात उचलायला लावले, स्वतःचं नाव विचारलं. मग मोठ्या सरांना फोन लावून तो टेबलावर उताणा ठेवला. सर शहराच्या दुसऱ्या टोकाला होते, यायला पाऊण तास तरी लागणार होता.

"पाकीट फोडा," सरांचा आवाज आला. "त्याला सकाळी काय दिलंय ते आधी कळू दे."

कुलूपबंद कपाटात प्रत्येकाच्या नावाचं मोहोरबंद पाकीट असे. जिवावर बेतल्याशिवाय ते फोडायचं नाही, असा दंडक. आजवर एकही फोडलं गेलं नव्हतं. काटेबाईने किल्ली फिरवली, पाकीट मॅडमच्या हातात दिलं. कागद फाटल्याचा आवाज खोलीभर झाला.

"खरी कॅप्सूल आहे," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "साखर नाही सर, खरं औषध. म्हणजे दार बंद होतं. मग उत्तेजकाचा जोर कमी व्हायला हवा होता!"

"कॅप्सूलने थोडा चढतो दाब. पण एवढा नाही," सर म्हणाले. "त्याने बाहेरून काही घेतलंय का?"

"काही घेतलं का हो?" मॅडमनी वाकून विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "शप्पथ. काही घेतलं नाही."

दोनशे आठ, एकशे बावीस. नाडी एकशे अठ्ठावीस.

मॅडमनी ट्रे पुढे ओढला. छाती फार धडधडली तर द्यायचं, नाडी आवरणारं इंजेक्शन त्यात भरून ठेवलेलं असे. त्यांनी टोपण काढलं, पण हात थबकला. "सर, हे देऊ? मला कारण कळत नाहीये. सकाळी एकशे अडतीस होता, छान होता. कॅप्सूलनंतरच चढलाय. म्हणजे आपल्याच औषधांनी..."

सकाळी एकशे अडतीस होता. छान होता.

 काटेबाईचा हात खिशातल्या चिठ्ठीला लागला तशी तिला एकदम सरळ दिसली गोष्ट. मॅडम चुकीच्या जागेवरून शोधायला निघाल्या होत्या, आणि त्यांना त्या जागी तिनेच उभं केलं होतं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. आणि गप्प राहिलं तर कदाचित ते इंजेक्शन आत गेलं असतं.

"थांबा मॅडम."

मॅडमनी मान वर केली.

"सकाळी छान नव्हता. एकशे शेहेचाळीस होता. मग बेचाळीस. मी तिसऱ्यांदा मोजला तेव्हा अडतीस आला आणि तोच लिहिला." चुरगळलेली चिठ्ठी तिने ट्रेवर ठेवली. "आपलं काही पोटात जायच्या आधीच चढलेला होता."

 मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या, जणू घड्याळच उलटं फिरताना पाहिलं होतं. पण ते क्षणभरच.

"आधीच्या दोन खेपांना एकशे बावीस होता, उत्तेजकानेही हलला नाही," त्या पुटपुटल्या. "आज आधीच चढलेला... सर, त्याने काही घेतलेलं नाही. कसलं तरी औषध सोडलंय."

काटेबाई खाटेच्या कडेला बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. तळवा ओला होता.

"दादा, कुठली गोळी बंद केलीत?"

त्याने हात सोडवून घ्यायला पाहिलं.

"दादा."

"नाव कापाल माझं."

"नाव गेलं चुलीत! डोक्यातली नस फुटली तर आईने दोन दारांशी उभं राहायचं का?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, फार झालं. पण त्याचे डोळे भरून आले. "मी आताच सांगितलं ना तुमच्यासमोर," ती हळू आवाजात म्हणाली. "माझं मीच सांगितलं. आता तुमचं सांगा."

"दाबाची गोळी," तो म्हणाला. शब्द जड येत होते. "चार वर्षं घेतोय. सकाळी एक, झोपताना एक. आधी सांगितलं असतं तर घेतलं असतं का मला? गोळी चालू असली की दाब नीट असतो, म्हणून तपासणीत कळलं नाही. पण मागच्या वेळी मॅडम म्हणाल्या ना, माझ्यावर काही चढत नाही, गणित बिघडतंय... मला वाटलं, माझ्या गोळीमुळेच खोटे आकडे जातायत. औषध कुचकामी ठरायचं माझ्या पापाने. म्हणून परवापासून बंद केली."

"नाव काय गोळीचं?"

"खिशात... पँटच्या."

मॅडमनी खुंटीवरच्या पँटचे खिसे उलटे केले. अर्ध्या रिकाम्या पट्टीवर बारीक अक्षर होतं. "क्लोनिडीन!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "सर, क्लोनिडीन. दोन दिवस बंद."

"इंजेक्शन खाली ठेव," सर तिकडून तितक्याच जोरात म्हणाले.

ते आधीच खाली गेलं होतं.

पुढचा अर्धा-पाऊण तास काटेबाईला नंतर तुकड्या-तुकड्यांत आठवत राहिला. अतिदक्षता विभागात फोन. सलाईनची सुई, पहिल्या फटक्यात बसलेली. रक्तवाहिन्या सैल करणारं औषध थेंबाथेंबाने. जीव शांतवणारं दुसरं. आणि त्याच्याच पट्टीतली गोळी, घोटभर पाण्याबरोबर, मान उचलून. दर पाच मिनिटांनी आकडा मोठ्याने सांगायचा, तो ती सांगत होती. दोनशे चार. दोनशे चार. दोनशे सहा. एकदा त्याने डोळे मिटले आणि हाक मारल्यावर उघडले नाहीत. तिने खांदा इतका गदगदा हलवला की खाटेची चाकं सरकली. "झोप आली," तो म्हणाला. "झोपायचं नाही," ती म्हणाली. "क्रेनला किती खटके असतात ते सांगा मला." त्याने सांगितलं. डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय, वारा सुटला की काय करायचं. आयुष्यात इतकं तो कधी बोलला नसेल. एकशे ब्याण्णव. एकशे ऐंशी. सर धापा टाकत आत आले तेव्हा एकशे अडुसष्ट होता आणि तो आकडा ऐकून छोट्या मॅडम खुर्चीत मटकन बसल्या.

सरांनीच मग दोघींना समजावलं. क्लोनिडीन मेंदूत बसून नॉरअ‍ॅड्रेनलिनचा नळ घट्ट आवळून धरते. म्हणूनच पहिल्या दोन खेपांना त्याच्यावर काही चढलं नाही. गोळी अचानक सुटली की तो नळ आवळणारं कुणी राहत नाही, पाणी उसळून येतं. एरवी सांडलेलं रसायन तंतू त्याच दाराने परत ओढून घेतात. पण ते दार आपल्या कॅप्सूलने बंद केलेलं. त्यात वरून उत्तेजक. "आणि त्या इंजेक्शनने नाडी आवरली असती," सर म्हणाले, "पण आवळलेल्या वाहिन्या आणखी आवळल्या असत्या. दाब कुठे जाऊन थांबला असता, मला सांगता येत नाही."

क्रेनवाल्याला अतिदक्षता विभागात हलवलं. मेंदूची तपासणी नीट निघाली. बायको आली, तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावला आणि मग त्याला अशी काही झापली की शेजारच्या खाटेवरचा आजारी माणूस उठून बसला.

चार वाजता सरांनी काटेबाईला खोलीत बोलावलं. समोर घटनेचा अहवाल लिहायचा कोरा फॉर्म होता.

"बसा. आज तुम्ही बोललात म्हणून तो वाचला. हे मी विसरणार नाही." ते थोडे घुटमळले. "त्याने औषध लपवलं, हे कारण देखरेख समितीला पुरेसं आहे. तुमची ती चिठ्ठी काही अधिकृत कागद नाही. एकवीस वर्षं झाली तुम्हाला. दोन अंकांसाठी..."

मोह झाला नाही असं नाही.  सरांचा आवाज मायेचा होता, आणि बाहेर सगळे तिची पाठ थोपटत होते.

"सर, त्याला खोटं बोलायची सवय नव्हती," ती म्हणाली. "एकदाच बोलला, आणि तेही दुसऱ्याच्या भल्यासाठी. मीसुद्धा आपल्या कामाच्या भल्यासाठीच केलं. फरक काय आमच्यात? दुसरा आकडा लिहून थांबले असते तर तो नऊ वाजता घरी गेला असता."

सरांनी पेन पुढे सरकवलं. तिने तिन्ही आकडे लिहिले, वेळेसकट, आणि खाली सही केली.

समितीने काम तीन महिने थांबवलं. आलेल्या प्रत्येकाच्या घरच्या औषधांची चौकशी यापुढे घरातल्या दुसऱ्या माणसाकडूनही करायची, असा नवा नियम झाला. क्रेनवाल्याचे तिन्ही दिवसांचे आकडे बाद झाले. काटेबाईच्या नोंदींत आणखी कुठे असं झालंय का, म्हणून चौदा जणांचे तक्ते तपासले. काही निघालं नाही. तरी तिला परत जनरल वॉर्डात पाठवलं. ती रडली नाही, पण पहिला आठवडा कुणी 'काटेबाई' अशी हाक मारली की तिला ऐकू न आल्यासारखं करावंसं वाटे.

दोन महिन्यांनी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तो उभा दिसला. दाबाची गोळी बदलून हळूहळू दुसरी सुरू केली होती, तिच्या तपासणीला आला होता. 

"ताई, माझ्यामुळे तुम्हाला तिथून..."

"माझ्यामुळे मला," ती म्हणाली. "हात पुढे करा."

एकशे तीस, चौऱ्याऐंशी. तिने तेवढंच लिहिलं.

"त्या औषधाचं काय झालं? लागू पडतं का?"

"अजून कुणालाच माहीत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू होतंय."

त्याने बाही खाली केली, बटण लावलं, पण उठला नाही. "धाकट्याला बायकोने सांगितलं सगळं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. चिडला होता. म्हणाला, माझ्यासाठी मरायला तुला कुणी सांगितलं होतं? तिसऱ्या दिवशी ताट घेऊन दारात मीच उभा होतो. तर विचारतो कसा, दादा, ते घेतल्यावर तुला कसं वाटलं रे? मी म्हणालो, डोकं फुटून जाईल असं. म्हणाला, मला पहिल्यांदा तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं."

"मग?"

"मग जेवायला बाहेर बसला. तेवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार बंद." त्याने खांदे उडवले. "पण आईने पाहिलं त्याला जेवताना."

रांगेतून कुणीतरी खाकरलं. तो उठला, पट्टा नीट गुंडाळून तिच्या हातात दिला आणि वळताना म्हणाला, "पुन्हा सुरू झालं की कळवाल?"

"तुम्हाला घेणार नाहीत."

"मला नाही हो. नुसतं कळवा."

तिने त्याचा नंबर कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतला आणि पुढच्या बाईंना खुर्चीत बसायला सांगितलं.